गोळ्या खायचे पैसे

मंडळी, आज सकाळी विट्याच्या दवाखान्यात माझ्या एचआयव्हीच्या गोळ्या आणायला गेले होते. गोळ्या न चुकवणाऱ्याला एक संस्था आता दर महिन्याला थोडे पैसे देते. ते ऐकून रांगेतला एक जण फणकारला, "गोळ्या फुकट, वर त्या खायचे बी पैसे? लय लाड झाले!"

मी गोळ्या घेतल्या. घरी येऊन हे लिहितेय.

नव्वदच्या दशकात आमची परराज्यात सोनं गाळायची पेढी होती. तिथूनच माझे मालक हा आजार घेऊन गावी आले. तेव्हा औषध मुंबईहून मागवावं लागायचं आणि ते भयंकर महाग होतं. मी सासऱ्यांच्या पाया पडले, "आवं मामा, माझ्या पाटल्या तरी मोडा."

ते म्हणाले, "मरणाऱ्यावर सोनं कशाला घालवायचं?"

मालक गेले. तिरडी उचलायच्या आधी त्याच सासऱ्यांनी रीत म्हणून लेकाच्या तोंडात सोन्याचा मणी घातला. सगळं गाव बघत होतं.

तेव्हा हे लाड आहेत असं एकालाही का वाटलं नाही?