मावशींनी मैदान बंद केलं, त्याबद्दल

हे मी या ग्रुपवर लिहिणार नव्हते. दोनदा लिहिलं आणि दोनदा उडवलं, कारण यात माझी आई येते, माझी धाकटी बहीण येते आणि दोघींचंही यात काही फार चांगलं नाहीये. पण आत्ता धाकटी येऊन म्हणाली, लिही, फक्त माझं नाव घालू नकोस. तिचा विचार बदलायच्या आत भराभर टाईप करतेय, कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्हा सगळ्यांना मावशी माहीत आहेत, तरी पहिल्यापासून सांगते. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, त्यावर जुन्या चादरींची जाड घडी, भिंतीला खिळे आणि खिळ्यांना हँगर. तिथे मावशी उभ्या असतात. सख्ख्या कोणाच्याच नाहीत, पण सगळी बिल्डिंग त्यांना मावशीच म्हणते. मनगटावर चटक्यांचे डाग, बोलणं कमी आणि जे बोलतील ते टोचून. मागे माझ्या बाहीवर शाई सांडली होती, तर कुर्ता हातात देताना म्हणाल्या, "चला, पेन उघडलंस तरी या वर्षी."

याच मावशी रविवारी सकाळी कडक गणवेश, गळ्यात स्कार्फ आणि शिट्टी अशा पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात उभ्या. बिल्डिंगमधली आणि आजूबाजूची पोरं जमवून त्या स्काऊट-गाइडचं पथक चालवतात. चालवायच्या. हा काळ बदलताना बोटं अडखळतात माझी.

मावशी शाळेत असताना गाइड होत्या. वडील गेले, इस्त्री हातात आली, शाळा सुटली. गाइड मात्र त्यांनी सोडलं नाही. एवढा उपद्व्याप कशाला करता असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या की वर्गात त्या कोणाच्या खिजगणतीतही नव्हत्या. गाइडमध्ये गेल्यावर पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या हातात काहीतरी देऊन म्हणालं, हे तू सांभाळ. बस, एवढंच कारण.

आणि त्याचं काय होतं ते मी घरात बघितलंय. आमची धाकटी दुकानदाराकडे उरलेले सुट्टे पैसे मागायलाही माझ्या पाठीमागे लपायची. मावशींनी तिला पथकातल्या एका टोळीची नायिका, म्हणजे पुढारी केलं. पहिले काही रविवार नुसती रडून आली. मग एकदा बिल्डिंगचा पाण्याचा मुख्य पाइप फुटला. मी आणि माझ्या मैत्रिणी गच्चीतून व्हिडिओ काढत होतो, आणि खाली ही बया पोरांना जिन्यावर एकेका पायरीवर उभं करून भरलेल्या बादल्या हातोहात वर पाठवत होती, आधी आजी-आजोबांच्या घरी, मग बाकीच्यांकडे. मला म्हणाली, "ताई, फोन ठेव आणि तिसऱ्या मजल्यावर उभी राहा." मी राहिले. काय करणार.

आता मैदान का बंद झालं ते.

मावशींचा एक नियम होता. गाठींचा बिल्ला मिळालेल्या मुलाची गाठ त्या तपासायच्या नाहीत, पण ज्यानं गाठ मारली त्यानंच आधी दोरावर चढायचं. पडायचं झालं तर तोच आधी पडणार, त्यामुळे तो नीटच बांधणार. दुसरा नियम जगभरच्या स्काऊटचा, रोज एक तरी चांगलं काम करायचं, न सांगता.

त्या रविवारी दोन झाडांच्या मध्ये दोराचा पूल बांधला होता. पायाखालचा दोर धाकटीनं बांधला, गाठींचा बिल्ला तिला मिळालेला होता. उंची जेमतेम माझ्या कमरेएवढी. पथकातली सगळ्यात लहान पोरगी, तिला सगळे पिटुकली म्हणतात, ती मागे उभी राहून मुसमुसत होती, की माझा नंबर नेहमी शेवटीच येतो. धाकटी चढायला गेली, तिच्याकडे बघितलं, आणि बाजूला झाली. म्हणाली, जा, तू आधी.

मावशींनी हे बघितलं. आणि त्या हसल्या.

गाठ सुटली. पिटुकली आडवी पडली आणि तिचा हात मोडला.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळे पालक जमले. पिटुकलीचे आईबाबा दवाखान्यात होते, त्यामुळे सगळ्यात मोठा आवाज माझ्या आईचा. सर्कस काढलीये का तुम्ही, आज हात मोडला, उद्या कोणाची मान मोडेल, असं बरंच काही. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाठ बघणं माझं काम होतं. मी बघितली नाही. आजपासून मैदान बंद." गाठ कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही. आईला माहीत नव्हतं. आईच्या पर्सचा पट्टा धरून धाकटी तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून आईनं कपडे कोपऱ्यावरच्या लाँड्रीत द्यायला सुरुवात केली. धाकटी स्वतःचा शाळेचा गणवेश स्वतः इस्त्री करायला लागली. कॉलर जाळली. मी ओरडले तर जमिनीवर बसली आणि सगळं बाहेर आलं. ताई, गाठ माझी होती, आणि मी आधी चढले असते तर मीच पडले असते ना.

मी तिला तसंच धरून जिन्याखाली नेलं. मावशींनी इस्त्री उभी केली, तिचं ऐकलं आणि म्हणाल्या, "तू गाठ चुकलीस. मी तुला नियम मोडताना बघितलं आणि कौतुकानं हसले. आता सांग, आपल्या दोघींत मोठं कोण?"

"पण तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"ते तुझं काम आहे. तेही मीच करू?"

मग धाकटी पिटुकलीच्या घरी गेली. मी बाहेरच थांबणार होते, तिनं हाताला धरून आत नेलं. पिटुकलीचे बाबा बस चालवतात, कामावरून आत्ताच आलेले, पाय बादलीत सोडून बसले होते. धाकटीनं सगळं सांगितलं. त्यांनी पाय बादलीतून काढून पुसले. मग म्हणाले की त्यांनाही राग आला होता, अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू. पण आतून पिटुकली प्लास्टरवर पोरांनी केलेल्या सह्या दाखवायला धावत आली आणि पहिला प्रश्न, रविवारी मैदान आहे का? बाबा म्हणाले, उघडलं तर पाठवू.

घरी येऊन धाकटीनं आईला सांगितलं. आई आधी माझ्यावरच चिडली, तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस म्हणून. मग भाजी चिरत राहिली, लागणार होती त्याच्या दुप्पट चिरली. दुसऱ्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन जिन्यापर्यंत गेली आणि तशीच परत आली. म्हणे, कोणत्या तोंडानं जाऊ.

आणि गंमत म्हणजे मावशींचंही हेच वाक्य. मी जाऊन सांगितलं, की पिटुकलीच्या घरचे पाठवायला तयार आहेत, उघडा मैदान. तर म्हणाल्या, "लोकांनी पोरं विश्वासानं पाठवली होती. परत पाठवा, असं मी कोणत्या तोंडानं मागू? माझ्यानं नाही व्हायचं." आणि शर्टावर पाणी शिंपडायला लागल्या. त्या मागणार नाहीत. त्यांना ओळखणारा कोणीही सांगेल, मरतील पण मागणार नाहीत.

म्हणजे जायला आपल्यालाच हवं. हा ग्रुप त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांचा आहे. कोणी नोकरीला लागलंय, कोणाची स्वतःची पोरं आता स्कार्फ बांधायच्या वयाची आहेत. "मावशी ग्रेट होत्या" असले मेसेज नका टाकू, त्या ग्रुपवर नाहीतच. कपडे द्यायच्या निमित्तानंही जाऊ नका. समोर उभं राहून सांगा की आमचं पोर आम्ही पाठवतोय. आई, धाकटी आणि मी आज संध्याकाळी जातोय, आईनं अजून हो म्हटलेलं नाही पण केस विंचरतेय. तुम्ही उद्या जा. परवा जा. रविवारच्या आत मात्र जाच.