रोडग्यांचा ईस्टर

आमच्या घरी काडेपेटी एकच होती आणि ती आईच्या ताब्यात, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर. तिथून ती हलली की बाबांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. बाबा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत गोळ्यांमध्ये बारूद भरायच्या सेक्शनला होते. रोज गेटवर तलाशी व्हायची. दरबान विचारायचा, "माचिस? बीड़ी?" आणि बाबा तोंड न उघडता हातानंच उत्तर द्यायचे: छातीवर एक थाप, उजव्या खिशावर एक, डाव्यावर एक, मग दोन्ही तळवे पुढे. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की भाजीला निघतानाही ते खिसे थोपटायचे, आणि आम्ही कुठे निघालो की आमच्या पिशव्या उलट्यापालट्या करायचे. कमानिया गेटच्या बाजारात कापड घ्यायला निघालेल्या बायकोची झडती घेणारा नवरा अख्ख्या जबलपुरात दुसरा नसावा.

बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं माझे मोठेबाबा, त्याच फॅक्टरीत पॅकिंगला होते. विदर्भातलं, वरुडकडचं गाव सोडून आधी ते आले आणि मग त्यांनी धाकट्या भावालाही आणून चिकटवलं. पुढे बाबांना टायफॉइड झाला. मिशनच्या दवाखान्यात दोन महिने काढून ते बाहेर आले ते प्रभू येशूचे होऊन, आणि तिथल्याच एका नर्सशी त्यांनी लग्न केलं. ती माझी आई. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मोठेबाबा आमच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "तुह्या घरचं पाणी मी आता पेणार नाही."

त्याला चौदा वर्षं झाली होती. मोठेबाबांनी लग्न केलं नाही, एकटेच राहिले. फॅक्टरीच्या क्वार्टरांची इस्टेट एक, भोंगा एक, शिफ्टही पुष्कळदा एकच. त्यांची सायकल दिवसातून दोनदा आमच्या दारावरून जायची आणि मान एकदाही वळायची नाही. लहानपणी मला वाटायचं, त्यांची मान आखडलेली आहे.

एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. खिडक्यांना काळे कागद लागले, ड्यूटी बारा-बारा तासांची झाली, रविवारची सुट्टी बंद झाली. बाबांचे तळवे बारुदीनं हळदीसारखे पिवळे पडले. एका दुपारी भोंगा अवेळी वाजला, आणि अवेळचा भोंगा म्हणजे आत अपघात. इस्टेटीतल्या बायका हातातलं टाकून गेटाकडे धावल्या, त्यांच्यात आई आणि मीही. बघते तर मोठेबाबा आमच्या आधीच तिथे उभे. रात्रपाळी करून झोपलेला माणूस तसाच उठून पळत आला होता, बनियनवर, अनवाणी. मागाहून कळलं की तो नुसता सराव होता. बाबा गेटाबाहेर आले. मोठेबाबांनी त्यांना नखशिखांत पाहिलं, हातपाय जागच्या जागी आहेत याची खात्री केली, आणि पाठ फिरवली.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. "माह्या भावाच्या पायात चप्पल नव्हती," एवढंच ते आईला म्हणाले.

मला फार राग आला. दोघांचा आला आणि देवाचा सर्वांत जास्त आला. ईस्टरनंतर माझं दृढीकरण ठरलं होतं. बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला, पण आता सगळ्या मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं 'माझा विश्वास आहे' म्हणायचं होतं. सिविल लाइंसमधल्या आमच्या चर्चच्या बाकावर मला पुढच्या बायकांच्या वेण्या निरखण्यापलीकडे काही सुचत नसे. मी देवाला स्पष्ट बजावलं, ईस्टरपर्यंत मोठेबाबा आमच्याशी बोलले नाहीत तर मी ते वाक्य उच्चारणार नाही. देवाला धमकी दिलेली आईला कळली असती तर तिनं मला सोलून काढलं असतं.

खरं म्हणजे देव असलाच तर तो गौर नदीवर असेल, असा माझा संशय होता. त्या हिवाळ्यात रविवार गेलेच होते, म्हणून ज्या वाराला सुट्टी मिळेल त्या वाराला बाबा आम्हाला नदीवर न्यायचे. आई त्यांच्या कॅरिअरवर, मी भाड्याच्या सायकलवर. तिथे पोचलं की बाबा आधी वाळूनं तळवे घासायचे. पिवळा रंग काही जायचा नाही. मग पाण्यावर सूर मारणारा खंड्या दाखवायचे, वाळूतली मुंगसाची पावलं दाखवायचे, आणि डोळे मिटून प्रार्थना करायचे. चर्चमध्ये ते पाद्रीसाहेबांच्या हिंदीमागे हिंदी म्हणत. नदीवर मात्र घरच्या बोलीत बोलत: "देवा, हे सारं तू बनवलं. मी काय बनवून राहिलो ते तुले माहीत हाये. माफ कर अन् सांभाळ." ते मी कान देऊन ऐकायची, आणि कुणाला कळू नये म्हणून मी पाण्यात दगड फेकत बसायची.

वरच्या डोहाशी, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, पुष्कळदा मोठेबाबा गळ टाकून बसलेले असत. ती जागा दोघा भावांनी तरुणपणी मिळून हुडकली होती आणि आता दोघांपैकी कुणीच ती सोडायला तयार नव्हता.

ईस्टर आला तेव्हा लढाई संपून तीन महिने झाले होते, तरी ओव्हरटाइम चालूच होता. बाबा रात्रपाळीतून सुटेपर्यंत पहाटेची उपासना आटोपली होती. "चलो," ते म्हणाले, "आपला ईस्टर नदीवर." आईनं कणीक, वांगी, तेल, मीठ बांधून घेतलं, मी पोत्यात गोवऱ्या भरल्या. निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे आणि वांग्याचं भरीत करायचं, असा बेत होता.

नदीवर गोवऱ्या रचून झाल्यावर आईनं पिशवीत हात घातला. काडेपेटी नाही. निघताना बाबांनी झडतीत ती काढून इमानेइतबारे फळीवर ठेवली होती.

"या माणसाले देवानं सगळं देलं," आई म्हणाली, "अक्कल तेवढी गेटवर जमा होते."

बाबा खिसे थोपटत उभे राहिले. छाती, उजवा, डावा. मी सहज वर पाहिलं. डोहाशी मोठेबाबा उभे होते, पायाशी दोन मासे, समोर रचलेल्या काटक्या, आणि तेही थोपटत होते. छाती, उजवा, डावा, मग दोन्ही तळवे पुढे, थेट नदीला दाखवल्यासारखे. मला हसू आवरेना. चौदा वर्षं न बोललेली माणसं एकाच खिशात एकच नसलेली काडेपेटी शोधत होती.

डोहाच्या पलीकडे मोहाच्या झाडाखाली धूर दिसत होता. मोहाची फुलं पडायला लागली की खालचा पाचोळा जाळून जमीन मोकळी करतात, म्हणजे वेचायला सोपं जातं. एक म्हातारी तिथे टोपली घेऊन वाकली होती. मी विस्तव मागितला. "ले जा बिटिया, आग किसी के बाप की थोड़े है," ती म्हणाली आणि तिनं फुटक्या खापरात निखारे भरून दिले.

परतताना वाट मोठेबाबांच्या पुढ्यातूनच होती. मान खाली घालून पुढे निघून जाता आलं असतं. तरी मी थांबले.

"मोठेबाबा, विस्तव पाहिजे?"

त्यांनी माझ्याकडे नाही, खापराकडे पाहिलं. "तुह्या बापानं धाडलं?"

"नाही. ते काडेपेटी घरीच ठेवून आले."

त्यांच्या मिशा हलल्या. "मंग हा कोणाचा?"

"त्या मोहाखालच्या आजीचा. आमच्या घरचा नाही."

त्यांनी बराच विचार केला. शपथ पाण्याची होती, विस्तवाची नव्हती, आणि हा तर आमचाही नव्हता. "ठेव मंग अर्धा," ते म्हणाले.

बाबांनी सगळं पाहिलं होतं. आईनं तिघांपुरते रोडगे वळले होते, त्यात त्यांनी गुपचूप आणखी दोन वळले.

रोडगे भाजून वास सुटला तेव्हा मोठेबाबा पळसाच्या पानांवर भाजलेले मासे घेऊन आले. "एकट्याले जास्त होतात," असं हवेत म्हणून ते खाली बसले. बाबांनी रोडग्याची राख झटकली, तो फोडून तेलात बुडवला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी घास घेतला, हळूहळू चावला.

"मीठ कमी हाये."

"आपली आई बी कमीच टाके, दादा."

"हो," मोठेबाबा म्हणाले. "कमीच टाके."

बाबा तोंडात घास असतानाच रडायला लागले. मोठेबाबा खाली मान घालून भराभर खात सुटले, आणि व्हायचं तेच झालं, भरताच्या तिखटानं त्यांना जोराचा ठसका लागला. आईनं घरून आणलेल्या पाण्याचा तांब्या उचलला आणि तिचा हात मध्येच थबकला. उंबऱ्यावरचं ते वाक्य तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मोठेबाबांनी ओंजळ पुढे केली. "ओत न बाई. काहून पाहून राहिली?"

ते तीनदा ओंजळभर पाणी प्यायले. पाद्रीसाहेब दरवर्षी सांगत की मरणातून उठलेल्या प्रभूनं तलावाकाठी निखारे पेटवले, मासे भाजले आणि ज्यांनी त्याला सोडलं होतं त्यांनाच न्याहारीला बोलावलं. मरणाला हरवलेल्या देवानं स्वयंपाक कशाला करावा, हे मला कधी कळलं नव्हतं. त्या सकाळी कळलं. माझा विश्वास तेव्हा बसला, आणि आज सत्तरीकडे झुकतानाही तो तिथेच, त्या वाळूत पाय रोवून आहे.

दृढीकरणाच्या दिवशी मी ते वाक्य इतक्या मोठ्यानं म्हटलं की पुढच्या बाकावरच्या बायका दचकल्या. पण त्याआधी दारात एक गंमत झाली. मोठेबाबा धुतलेलं धोतर नेसून, वर सदरा घालून आले होते. चर्चमध्ये जन्मात प्रथमच येत होते, आत जाताना काय करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते क्षणभर घुटमळले. मग छातीवर थाप मारली, उजव्या खिशावर, डाव्या खिशावर, आणि दोन्ही तळवे पुढे धरले. पाद्रीसाहेबांनी ते हात आपल्या हातात घेतले आणि त्यांना आत नेलं. मागून बाबा आले, त्यांनीही खिसे थोपटले आणि ते भावाच्या शेजारी जाऊन बसले.