उशिरा पोचणारा अंगठा

शिवणकारखान्यात तिला सगळे टेपबाई म्हणायचे, कारण गळ्यातली टेप ती जेवतानाही काढायची नाही. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, शाळांचे गणवेश तिथे शिवले जात. कापडावर कात्री चालायच्या आधी जो कागदी नमुना लागतो, तो काढायचं काम तिचं. तिची एक खोड साऱ्या कारखान्याला पाठ होती. नमुन्यावर एखादी रेघ नेहमीपेक्षा वेगळी गेली, की शेजारीच पेन्सिलीने ती कारण लिहायची. ‘डावा खांदा उतरता.’ ‘या गृहस्थांना खिशात किल्ल्यांचा जुडगा बाळगायची हौस आहे.’ एकदा तर, ‘माप जेवल्यावर घेतलं आहे, फसू नये.’ शिलाई मशीनवरच्या बायका वाचून वाचून हसायच्या.

“हसा,” टेपबाई म्हणायची. “उद्या मी नसले की कोणीतरी शहाणा येईल आणि वाकडी दिसते म्हणून ही रेघ सरळ करून टाकेल.”

ही खोड तिला कुठून लागली, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. उभ्या आयुष्यात एकदाच तिने कारण लिहायचं टाळलं होतं आणि तीस वर्षं त्याबद्दल मूग गिळून बसली होती.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. सायकलच्या दुकानावर दोन जिने चढून गेलं की व्हिडिओ गेम बनवणारी एक कंपनी होती. कंपनी म्हणजे सहा टेबलं, एक पंखा आणि एक साहेब. तिथे उड्यांचे खेळ बनत. ‘छपरावरचा पोस्टमन’ हा त्यातला सगळ्यात गाजलेला. खांद्याला पिशवी लावलेला बुटका पोस्टमन या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत पत्रं वाटायचा आणि चुकला की गल्लीत आपटायचा. टेपबाईचं काम असं, की आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून छपरं काढायची, त्यांचे आकडे तक्त्यात भरायचे आणि मग स्वतः खेळून बघायचं. खेळाच्या शेवटी जी नावं झळकतात, त्यांत तिचं नव्हतं. साहेबांच्या मते छपरं काढणं हे काम नव्हे, हस्तकला होती.

पोस्टमनचा दुसरा भाग बनत असताना तिच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे, म्हणजे बोटांवर जगलेला माणूस. पाय सावरले, वाचा सावरली, पण उजवा अंगठा काही वेळेवर येईना. दिवसभर खिडकीशी बसून ते त्याच्याकडे असे बघत, जसं कामचुकार नोकराकडे बघावं. लेकीने कंपनीतलं खेळाचं यंत्र तपासणीसाठी म्हणून घरी आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. व्यायाम होईल, हा तिचा हिशेब. झालं उलटंच. पोस्टमन छपराच्या कडेला यायचा, बाबा बटण दाबायचे आणि तोवर तो पडलेला असायचा. प्रत्येक वेळी.

“मनाने मी कधीच उडालेला असतो गं,” बाबा म्हणाले. “अंगठा उशिरा पोचतो.”

त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. तिला ते बघवेना.

पडदा सेकंदाला साठ चित्रं काढतो. कडेवरून पाय सुटल्यावर किती चित्रांपर्यंत उडी मान्य करायची, याचा एक आकडा तक्त्यात होता, आणि तो होता शून्य. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब जेवायला गेलेले असताना तिने तिथे नऊ केलं. सेकंदाचा जेमतेम सातवा भाग. खेळणाऱ्याला कळतही नाही, फक्त आपण वाचलो असं वाटतं. शेजारी कारण लिहायला कोरी जागा होती. तिने ती कोरीच सोडली. लिहिलं असतं तर साहेबांनी वाचलं असतं.

बाबांना तरी कुठे सांगितलं? त्या संध्याकाळी पोस्टमन पहिल्यांदा पलीकडे पोचला आणि बाबा अंगठा डोळ्यांसमोर धरून म्हणाले, “सुधारतोय की हा!” त्या चेहऱ्यापुढे खरं बोलायची कोणाची छाती होईल?

महिनाभराने बाबांनीच हट्ट धरला. “फार सोपं झालंय. शेवटचं छप्पर लांब ने.” सोळा चौकोनांपलीकडे उडी जात नव्हती. तिने शेवटच्या दोन छपरांत सतरा चौकोनांचं अंतर ठेवलं. म्हणजे तिथे छप्पर संपल्यावरही पळत राहायचं आणि पायाखाली काही नसताना उडी मारायची. कोणाला जमलं नाहीच तर खालच्या पन्हळीवरून घसरत जाऊन खेळ संपवता येई, पण मग पिशवीतलं शेवटचं पत्र तसंच राहायचं. ते पत्र बाबांनी चार महिन्यांनी पोचवलं आणि त्या दिवशी दोनदा जेवले.

खेळ बाजारात गेल्यावर साहेबांना नऊचा पत्ता लागला. त्यांचा तिळपापड झाला. “हा खेळ आहे बाई, धर्मादाय दवाखाना नाही!” त्यांनी तिला घरी बसवलं आणि तिसऱ्या भागात पुन्हा शून्य केलं. दोन वर्षांनी बाबा गेले. पुढे कंपनीही गेली. टेपबाईने लग्न केलं, चौकोन मोजणारा हात कापडाकडे वळवला आणि विषय संपला.

संपला असं तिला वाटत होतं. जुने खेळ झाडूनपुसून, नवी रंगरंगोटी करून पुन्हा विकायला काढायचे, याला हल्ली रीमास्टर म्हणतात. पोस्टमनचे तिन्ही भाग असे एका संचात निघाले, आणि टेपबाईच्या वाढदिवसाला तिच्या मुलीने तो संच आणून टीव्हीला जोडला. मुलगी दातांच्या कवळ्या घडवण्याचं काम करते. आईने कधीकाळी या खेळाची छपरं काढली, एवढंच तिला ठाऊक होतं.

आधी टेपबाईच्या नवऱ्याने हात साफ करून घेतला. तो बसचा निवृत्त ड्रायव्हर. सातव्यांदा गल्लीत आपटल्यावर म्हणाला, “तीस वर्षं बस चालवली, एकदाही छपरावरून पाडली नाही. घे बाई, तुझा खेळ तू खेळ.”

टेपबाईने दुसरा भाग लावला. पहिल्याच छपरावरून पोस्टमन पडला. दुसऱ्यांदा पडला. दहाव्यांदा पडला तेव्हा तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. चौपन्न वर्षांचे हात, कात्रीने घट्टे पडलेले.

“शिंगं मोडून वासरांत शिरलं की असंच होतं,” नवरा म्हणाला.

ती हसली खरी, पण आत कुठेतरी खट्टू झाली. आपलाही अंगठा बाबांच्या वाटेने निघाला की काय?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुलीचा फोन आला. “आई, तुझ्या एकटीचं नाही गं. लोकांची मतं वाच, नुसती मारामारी चाललीय.” टेपबाईने डबा बाजूला सारला आणि वाचायला घेतलं. खेळणारे भरभरून लिहीत होते. कोणी लिहिलं होतं, चित्रं इतकी देखणी केलीत की पडतानाही बरं वाटतं. कोणाला नव्या संगीतातली बासरी खुपत होती. आणि मग तोच तो सूर सुरू झाला. ‘संच छान, पण दुसऱ्या भागाची उडी बिघडवलीत. पूर्वी हा खेळ माणसाला समजून घ्यायचा.’ त्याखाली कोण्या तरण्याचं उत्तर, ‘काका, खेळ तोच आहे. बोटांना तेल लावा.’ एका बाईने लिहिलं होतं, ‘शेवटचं पत्र आता कोणालाच देता येत नाही. मी लहानपणी आईच्या शेजारी बसून दिलं होतं.’ तिलाही उत्तर मिळालं होतं, ‘आठवणीत सगळेच जिंकतात.’

सगळ्यांत खाली नव्या कंपनीने केलेल्या सुधारणांची यादी होती. अकराव्या ओळीत अभिमानाने लिहिलं होतं, ‘दुसऱ्या भागातल्या उडीची जुनी चूक काढून टाकली.’

शहाणा आला होता. त्याचं तरी काय चुकलं? पहिल्या भागात शून्य, तिसऱ्यात शून्य, मधेच एक नऊ, आणि शेजारी एक अक्षर नाही. तिने स्वतः असा नमुना बघितला असता तर रेघ सरळच केली असती.

यादीखाली अजून एक ओळ होती. शेवटची दुरुस्ती शुक्रवारी. त्यानंतर या संचावरचं काम बंद.

ती बुधवारची दुपार होती. संध्याकाळी मुलगी घरी आली तेव्हा टेपबाईने तीस वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. नवरा टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत बसला.

“मग लिही ना त्यांना,” मुलगी म्हणाली. “घोडं अडलं कुठे?”

“लिहिलं की सगळ्यांना कळेल, मी खेळ सोपा केला म्हणून बाबा जिंकले.” टेपबाई म्हणाली. “शेवटपर्यंत येईल त्याला ते सांगायचे, अंगठा मी वठणीवर आणला म्हणून. त्यांचं तेवढं एकच जिंकणं, ते आता मीच खोटं ठरवू?”

“आणि नाही लिहिलंस तर?”

बाबांच्या हाताची जगात उरलेली एकच खूण तो नऊचा आकडा होता, आणि परवा तो कायमचा जाणार होता.

नवरा मधेच म्हणाला, “मला एक सांग. ते सतरा चौकोनांचं छप्पर तुझ्या त्या कंपनीत आधी कोण ओलांडू शकलं?”

“कोणीच नाही. मीही नाही. सगळे कडेलाच बटण दाबायचे. छप्पर संपतंय म्हटल्यावर राहवत नाही ना.”

“म्हणजे नऊ सगळ्यांनाच होते. पण तिथे घाई करणारा पडतो आणि उशिरा दाबणारा पोचतो.” तो ड्रायव्हरच्या ठाम सुरात म्हणाला, “अगं, ब्रेक लवकर दाबणारे मी ढिगाने पाहिलेत. थांबायला छाती लागते. सासरेबुवांना कोणी जिंकवलं नाही, ते जिंकले.”

तीस वर्षं टेपबाईने त्या नऊकडे आपण केलेली लबाडी म्हणूनच पाहिलं होतं. सतरा चौकोन बाबांनी मागून घेतले होते, हे ती कशी विसरली?

मग तिने कपाटावरची नमुन्यांची गुंडाळी खाली काढली. कागद टाकून देणं तिच्या रक्तात नव्हतं. शेवटच्या छपरांचा आलेख जुन्या परकराच्या नमुन्यात गुंडाळलेला सापडला. पिवळा पडला होता, पण चौकोन मोजता येत होते. मुलीने फोटो काढला. मतं लिहायची जी जागा होती, तिथे टेपबाईने एका बोटाने टाइप केलं:

‘ही छपरं मी काढली आहेत. उडी सोळा चौकोनांची आहे आणि शेवटचं अंतर सतरा. मोजून बघा. नऊचा आकडा चूक नव्हती. काका लोकांची बोटं ठीक आहेत.’

रात्रीच्या जेवणाआधीच लोक मोजायला बसले. तेल लावायला सांगणाऱ्या तरण्यानेच पहिला निकाल दिला: ‘मोजलं. सतराच आहेत. काका, माफ करा.’ टेपबाईला त्याचा रागच राहिला नाही.

गुरुवारी दुपारी कारखान्यात तिच्या फोनवर निरोप आला. संचाचं काम बघणाऱ्या बाईंचा होता. ‘आमचे तपासणारे सगळे पन्हळीवरून गेले, खेळ संपला, म्हणून कोणाला संशय आला नाही. उद्याच्या दुरुस्तीत नऊ परत घालते आहे. पण मी गेल्यावर दुसरं कोणी पुन्हा शून्य करायला नको. आकड्याशेजारी कारणाची जागा कोरी आहे. काय लिहू?’

टेपबाईने कानामागची पेन्सिल काढली. शिलाईवाल्या बायकांना वाटलं, नमुन्यावर काहीतरी लिहितेय. आधी तिने कागदावर लिहून बघितलं, एक शब्द खोडला, मग फोनवर उतरवलं: ‘माझ्या बाबांचा अंगठा उशिरा पोचायचा. ते मनाने आधीच उडालेले असत. शेवटचं अंतर त्यांनी मागितलं आहे, कमी करू नये.’

शुक्रवारी रात्री दुरुस्ती आली. शनिवारी सकाळी ती खेळायला बसली. पहिल्या छपरावर पोस्टमन कडेवरून सुटला, टेपबाईने बटण दाबलं, आणि तो उडाला. तिचे हात ठीक होते. शेवटच्या छपरापर्यंत यायला तिला दुपार झाली. तिथे ती सहा वेळा पडली, कारण सहाही वेळा तिला राहवलं नाही.

“घाई करतेयस,” मागून नवरा म्हणाला.

सातव्या वेळी तिने पोस्टमनला पळू दिलं. छप्पर संपलं. पायाखाली काही नव्हतं. बाबांचा अंगठा यायला जेवढा वेळ लागायचा तेवढी ती थांबली, आणि मग दाबलं.

पोस्टमन पलीकडच्या छपरावर उतरला, पिशवीतून शेवटचं पत्र काढून त्याने दारातून आत सरकवलं. पडद्यावर नावं वर सरकू लागली. तिचं नाव त्यांत आजही नव्हतं आणि तिने ते शोधलंही नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने गळ्यातल्या टेपेच्या टोकाने पुसायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही.

“जिंकल्यावर कोण रडतं?” नवऱ्याने विचारलं.

“मी कुठे जिंकले,” ती म्हणाली. “मला अजून त्यांच्यासारखं थांबता येत नाही. सरक, परत खेळते.”