आधी विलंबित

आमच्या घरात पाश्चात्य संगीत शिरलं ते फुकटात. नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. बाबांना टेपरेकॉर्डर हवा होता आणि नवा परवडत नव्हता. देवळाली कॅम्पात लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या की बंगल्याच्या व्हरांड्यात घरसामान विकायला मांडलेलं असतं, असं त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं. एका रविवारी ते नाशिकच्या इंदिरानगरहून स्कूटरवर गेले आणि टेपरेकॉर्डर पायांशी ठेवून परत आले. घरी झाकण उघडलं तर आत एक कॅसेट. कव्हर नाही, वरची शाई पुसलेली, फक्त ‘ए’ आणि ‘बी’ तेवढं वाचता येत होतं. बाबा पुढच्याच रविवारी कॅसेट परत करायला गेले, तर बंगल्याला कुलूप. मग ती आमची झाली.

पहिल्यांदा ‘ए’ बाजू लावली तेव्हा स्वयंपाकघरात आईच्या हातून उलथनं पडलं. सगळी वाद्यं एकदम अंगावर आली होती. बाबांनी दोन मिनिटांत बटण दाबून ती गप्प केली. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून, पण दर गुरुवारी भजनी मंडळात तबल्याला बसायचे, आणि रेडिओवर ख्याल लागला की आम्ही घरात चोरपावलांनी चालायचो.

“आधीच द्रुत?” ते म्हणाले. “असं कुठं असतं का? अजून राग बसला नाही आणि हे सुटले पळत.”

त्यांनी कॅसेट उलटून लावली. ‘बी’ बाजूला नुसती व्हायोलिनं होती, फार हळू, एकमेकांना जागा देत चाललेली. बाबांचा चेहरा उजळला. “हे बघ, हे विलंबित. लिहिणाऱ्यानं ए-बी उलटं लिहिलंय.”

झालं. पन्नास-साठ परदेशी वादकांची चूक आमच्या इंदिरानगरच्या दोन खोल्यांत दुरुस्त झाली आणि पुढची सहा-सात वर्षं तशीच चालली. आधी ‘बी’ बाजूचं विलंबित, त्याला जोडून येणारा मोठा गजर, मग मी उठून कॅसेट उलटायची, मग ‘ए’ बाजूचं द्रुत, आणि शेवटी जी नाचरी, टपटप उड्या मारत जाणारी चाल होती तिला बाबा तराणा म्हणायचे. सिंफनी हा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता. घरात तिचं नाव ‘कॅम्पातलं’.

‘कॅम्पातलं’ लागायचं रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. पडदे ओढलेले, बाबा खाटेवर आडवे, आई भिंतीला टेकून मेथी निवडतेय आणि मी गार फरशीवर गाल टेकून पडलेली. विलंबित सुरू झालं की मला गंगापूर धरणाचं पाणी दिसायचं, थंडीतल्या सकाळचं, वर धुक्याचा पातळ थर असलेलं. मी त्या पाण्यावरून चालत जायचे. पलीकडे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं, पण तिथवर पोचायच्या आत सूर वळायचे आणि मीही त्यांच्यामागे वळायचे. मग डोळे मिटायचे. त्या संगीताचा एक मोठा तुकडा मी फक्त झोपेतच ऐकला आहे. तो आजही कुठे लागला तर मला ओळखू येत नाही, फक्त अंग जड होतं.

बाबांचा हात मात्र मांडीवर चालू असायचा. ते मात्रा मोजायचे, सम शोधायचे. सोळापर्यंत जायचे, तर ते लोक चौदालाच वळलेले असायचे. “सापडेल, जातेय कुठं,” असं म्हणून पुन्हा एकपासून सुरू. दोन चालींच्या मधे वाद्यं क्षणभर थांबायची, तेव्हा बाबा डोळे न उघडता “वाऽ!” म्हणायचे. मग आईही म्हणायची आणि झोपेत मीही. वीज गेली की टेप सेलवर चालायचा, सेल उतरले की सूर आणखी संथ, आणखी खाली जायचे. “आता अतिविलंबित,” बाबा म्हणायचे.

मखमलाबादकडची एक भाजीवाली मावशी टोपली घेऊन आमच्या दारात टेकायची. एकदा तिनं विचारलं, “लगीन हाय का कोनाचं? लय वाजंत्री वाजती.”

“नाय मावशी, इंग्रजी भजन आहे,” बाबा तिच्याच सुरात म्हणाले.

“मंग असू द्या,” म्हणून मावशी पदरानं वारा घेत पुढची चाल संपेपर्यंत बसून राहिली.

पुढे मी कॉलेजला पुण्याला गेले. तिथे एका प्राध्यापकांच्या घरी दर शनिवारी रेकॉर्ड ऐकायला मुलं जमायची. एका संध्याकाळी त्यांनी सुई टेकवली आणि आमचं द्रुत अंगावर आलं. मी आनंदानं शेजारणीला म्हणाले, “हे मधलं आहे, ह्याच्या आधी विलंबित असतं.” आणि पहिली चाल थांबली तेव्हा त्या शांततेत मी मोठ्यानं “वाऽ!” म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. प्राध्यापक भले होते. त्यांनी हसून समजावलं की हीच सुरुवात, संथ चाल तिसरी, आणि मधे दाद द्यायची नसते. बाकीच्यांचं हसू मला महिनाभर पुरलं.

त्या हसण्याचा राग मी दिवाळीत घरी घेऊन आले. भजनी मंडळाचे दोघे-तिघे फराळाला बसले होते आणि बाबा कौतुकानं त्यांना आमचं विलंबित ऐकवत होते. मी दीडशहाणी. सगळ्यांच्या देखत म्हणाले, “बाबा, इतकी वर्षं आपण हे उलटं ऐकतोय. तिकडे लोक हसतात.”

बाबाही हसले. “असं होय? बरं झालं सांगितलंस.” त्यांनी कॅसेट काढली, ‘ए’ बाजू वर करून लावली आणि खाटेवरून उठून खुर्चीत बसले. हात मांडीवर होता, पण हलत नव्हता.

त्यानंतर रविवारी कॅसेट सरळ लागायची, असं आई सांगायची. मग महिन्यातून एकदा. मग कधीतरी टेपरेकॉर्डर माळ्यावर गेला. कुणी भांडलं नाही, कुणी रुसलं नाही. त्यामुळे मी काय केलं हे मला कळायलाही बरीच वर्षं लागली.

लग्नानंतर मी नाशकातच, गंगापूर रोडला राहायला आले. बाबा निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्यासाठी सीडी प्लेअर आणि तीच सिंफनी घेऊन गेले. भेट वगैरे नावाला. मला त्यांचं काढून घेतलेलं परत द्यायचं होतं. मी मुद्दाम तिसरी चाल आधी लावली. व्हायोलिनं हळूच सुरू झाली आणि बाबांनी मान वर केली.

“हे तिसरं ना गं?”

“असू द्या. आपण आपल्या पद्धतीनं ऐकू.”

“नको बाळा. चुकीचं कशाला ऐकायचं? पहिल्यापासून लाव.”

“बाबा, मला तसंच आवडतं. मी चुकले होते त्या दिवशी.”

“छे छे, तू बरोबरच होतीस. मला काय कळतंय त्यातलं?”

ते हे खरंच मनापासून म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी पाया पडून समजूत काढली असती. मी पहिल्यापासून लावलं.

बाबा सबंध वेळ ताठ बसले. शाळा तपासायला साहेब यावेत आणि मुलानं बसावं तसे. आईनं चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली. शेवटचा गजर झाला, सगळं शांत झालं. बाबा माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “संपलं ना गं? उठू का आता?”

माझे बाबा, स्वतःच्या घरात, मला विचारत होते. मी मान डोलावली.