अडीच किलोचा आहेर

बस आगाराच्या मागच्या बाजूला एक खोली होती, दारावर 'हरवले-सापडले' अशी पाटी होती, आणि आत एकोणीस वर्षं एकच बाई बसत होत्या. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना सापडलेबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं. स्वतःची छत्री सांभाळायची अक्कल नसलेल्यांनी दुसऱ्यांना नावं ठेवावीत, याचं त्यांना आश्चर्यही वाटत नसे.

माणसांविषयी बाईंचं मत मुळातच फारसं बरं नव्हतं. या खोलीने उरलंसुरलंही धुऊन टाकलं. मांडण्यांवर छत्र्या, डबे, चष्मे, एकाच पायाचे बूट, आणि सर्वांत वरच्या फळीवर कागदात गुंडाळलेली एक कवळी. "तोंडातले दात विसरून उतरतो माणूस," बाई म्हणत. "आणि घरी जाऊन पोरांना सांगत असेल, वस्तू जागच्या जागी ठेवत जा."

ती बॅग आली तेव्हा वाहकाने ती टेबलावर अशी आपटली की बाईंचा चहा हिंदकळला.

"शेवटच्या बाकाखाली होती. दगड भरलेत की काय कोण जाणे."

बाईंनी उघडून पाहिली. दगड नव्हते. तळाशी एक काळं पडलेलं केळं, खडूची भुकटी, कप्प्यात फुटलेल्या पेनाची शाई. नाव-पत्ता कुठेच नाही. बॅग मात्र जाड चामड्याची, हातशिलाईची, पितळी बकलांची. फ्लॅपवर बुरशीचे पांढरे ठिपके होते, पट्टा भेगाळला होता, आणि एका बाजूची शिवण चार बोटं उसवून तोंड वासून बसली होती.

बाईंचे वडील घोड्यांची खोगिरं आणि लगाम शिवायचे. लहानपणी बाई त्यांच्या पायाशी बसून दोऱ्याला मेण लावून द्यायच्या. त्यामुळे चामड्याचे हाल झालेले पाहिले की त्यांचं डोकं सटकायचं.

"याने बॅग वापरलेली नाही," त्या वाहकाला म्हणाल्या. "छळलीय."

"मग टाका कोपऱ्यात. तीन महिन्यांनी लिलाव."

"टाका म्हणे! नियमात लिहिलंय, वस्तू सुस्थितीत ठेवाव्यात."

नियमात तसं खरंच लिहिलं होतं. एकोणीस वर्षांत ते कुणी मनावर घेतलं नव्हतं, एवढंच.

पहिल्या दिवशी बाईंनी दाराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने बुरशी झटकली आणि ते फडकं फेकून दिलं. मग ओलसर फडकं, घट्ट पिळलेलं, आणि खोगिरं धुवायचा साबण अगदी नावाला. नंतर बॅग सावलीत, वाऱ्यावर. दोन दिवस. आगाराचे साहेब जाता जाता थांबले आणि म्हणाले, "बाई, उन्हात ठेवा की, तासाभरात वाळेल."

"तुम्हाला ठेवू का उन्हात तासभर?" असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण साहेब ते साहेब. "चामडं तडकतं उन्हात," एवढंच त्या म्हणाल्या.

"मग खोबरेल चोळा. मी वाचलंय कुठेतरी. केळ्याची सालसुद्धा चालते म्हणे."

"केळं तिने आधीच खाल्लंय, साहेब."

साहेबांना ते कळलं नाही. साहेबांना पुष्कळ गोष्टी कळत नसत, आणि त्या कळत नाहीत हेही कळत नसे. त्यामुळे ते कायम आनंदी असायचे. स्वयंपाकातलं तेल चामड्यात मुरतं, कुजतं आणि वास मारतं, हे त्यांना समजावून सांगण्यात बाईंनी वेळ दवडला नाही. त्यांनी घरून मेणाच्या मलमाची डबी आणली. मऊ सुती फडक्यावर वाटाण्याएवढं मलम घेऊन पातळ हात फिरवला, रात्रभर मुरू दिलं, दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसलं. आठ दिवसांनी पुन्हा. पट्ट्याला दोनदा जास्त. बकलं काढून वेगळी घासली, कारण पितळ घासायची पावडर चामड्यावर सांडली की डाग पडतो. शिवणीला मेणाचा दोरा घातला, जुन्याच भोकांतून. आकार राहावा म्हणून पोटात कोरे कागद चुरगाळून भरले आणि वर जुन्या चादरीची खोळ चढवली. प्लास्टिक नाही. प्लास्टिकमध्ये चामडं गुदमरतं.

दोन महिने सरले. बॅग आता तपकिरी चमकायची आणि हाताला लोण्यासारखी लागायची. बाई रोज एकदा खोळ काढून तिला हवा द्यायच्या आणि तिच्या मालकाला रोज एकदा मनसोक्त शिव्या घालायच्या. साहेबांची नजरही बॅगेवर पडली होतीच. "लिलावात कशाला, माझ्या टेबलाशी शोभेल," असं ते दोनदा म्हणून गेले. दोन्ही वेळा बाईंना अचानक ऐकू येईनासं झालं होतं.

मग एका दुपारी एक गृहस्थ छत्री शोधायला आले. पन्नाशीचे, बारीक, खांद्याला कापडी पिशवी, बोटांना खडू. शाळेत गणित शिकवतो म्हणाले. छत्री सापडली, सही झाली. वळता वळता त्यांचं लक्ष खोळ काढून ठेवलेल्या बॅगेकडे गेलं, आणि ते दोन पावलं मागे सरले. सावकार दिसल्यासारखे.

बाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. आपली वस्तू पाहून लोक पुढे येतात. मागे सरणारा पहिलाच.

"ही तुमची," बाई म्हणाल्या.

"छे छे. माझी नाही."

"आत खडू होता. तुमच्या बोटांना खडू आहे."

"खडू काय, कुणाच्याही..." मास्तर अडखळले. खोटं बोलण्याचा सराव नसलेला माणूस. कानापर्यंत लाल झाला. मग बाकावर बसलाच. "बाई, हात जोडतो. माझी नाही असंच लिहा."

आणि सगळं बाहेर आलं. बॅग सासऱ्यांनी दिलेली, लग्नात, स्वतःच्या हातांनी शिवून. सासऱ्यांचा चामड्याच्या बॅगांचा कारखाना होता. रिकामी बॅग अडीच किलो. वह्यांसकट उचलली की खांदा उतरायचा. दर रविवारी सासरे घरी यायचे आणि जावयाची तब्येत विचारायच्या आधी बॅगेची विचारायचे. मास्तरांनी ती मुद्दाम चार वेळा हरवली. एकदा बागेत, एकदा दवाखान्यात, दोनदा बसमध्ये. चारही वेळा कुणी ना कुणी भला माणूस मागे धावत येऊन देऊन गेला.

"पळत यायचे हो! घाम गाळत! त्यांना चहा पाजावा लागायचा वर," मास्तर कळवळून म्हणाले. "म्हणून मग आत केळं ठेवलं, नाव काढून टाकलं, आणि पाचव्यांदा जमलं. घरी सांगितलं, चोरीला गेली."

"किती वर्षं झाली लग्नाला?"

"बावीस."

"बावीस वर्षं," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षांत 'मला ही जड होते' हे चार शब्द फुटले नाहीत तोंडातून? त्यापेक्षा निष्पाप बॅगेला केळं खायला घालणं सोपं वाटलं?"

"तुम्ही सासऱ्यांना भेटला नाहीत."

"मला भेटायचंही नाही. मी तुम्हाला भेटले तेवढं पुरे."

मास्तरांनी हळूच हात पुढे करून बॅगेला लावला. "इतकी मऊ होती ही?" ते पुटपुटले. क्षणभर बाईंना वाटलं, आता याला पाझर फुटणार. पण त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "तुम्हीच ठेवून घ्या ना."

बाई भडकल्या. मालक समोर बसलेला असताना वस्तू ठेवून घ्यायची, म्हणजे एकोणीस वर्षांच्या नोकरीला काळं फासायचं. त्यांनी नोंदवही उघडली, पेन मास्तरांच्या हातात कोंबलं. "सही करा. घेऊन जा. सासऱ्यांसमोर ठेवा आणि सांगा, नको. नदीत टाका नाहीतर डोक्यावर घ्या, पण माझ्या खोलीत पुन्हा आणू नका."

मास्तर गेले. बॅग घेऊन, तिरके होऊन.

पुढच्या सोमवारी खोलीत एक म्हातारे गृहस्थ आले. ताठ मान, पांढऱ्या मिशा, आणि खांद्याला ती बॅग. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बॅग टेबलावर ठेवून त्यांनी शिवणीवर बोट ठेवलं.

"ही शिलाई कुणी केली?"

"मी."

"दोरा बारीक आहे."

"तुमचा जाड होता, म्हणून तर भोकं सैल होऊन शिवण उसवली," बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यांना बहुधा असं उत्तर पुष्कळ वर्षांत मिळालं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली. चष्मा बदलून चामडं पाहिलं, वास घेतला, पट्टा वाकवून पाहिला. कुठेही खोट सापडेना, तसे ते आणखी चिडले.

"जावयाने काल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, मला नको, जड होते. बायकोच्या मागे उभा राहून म्हणाला. पण म्हणाला. माझ्या हातची बॅग! असली बॅग आज मिळेल का बाजारात?"

"नाही मिळणार. कुणी घेणार नाही म्हणून."

"म्हणजे?"

"रिकामी अडीच किलो. चामडं बैलगाडीला शोभेल असलं. आणि पट्टा हा एवढा अरुंद." बाईंनी दोन बोटं दाखवली. "खांद्यात रुततो. माझ्या वडिलांनी असला पट्टा घोड्यालासुद्धा घातला नसता. तुम्ही स्वतः कधी वापरलीत ही?"

"मी बॅगा बनवायचो. वापरायचो नाही."

"दिसतंच आहे."

म्हाताऱ्यांनी पट्ट्यावर स्वतःची दोन बोटं ठेवून रुंदी मोजली, मग पुन्हा मोजली. बाईंनी दोन चष्मे आणि एक डबा नोंदवून टाकला. शेवटी ते म्हणाले, "पट्टा किती रुंद हवा होता?"

"चार बोटं. खालून मऊ अस्तर."

"तीन पुरे."

"चार."

"तीन पुरे," म्हाताऱ्यांनी बजावलं, आणि ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "निगा मात्र चांगली राखलीत." जणू हे शब्द कुणी त्यांच्याकडून हिसकावून घेतले होते. बाईंनी मान वर केली नाही. स्तुती ऐकली की त्यांना काय करावं ते सुचत नसे, आणि जे सुचत नाही ते त्या करत नसत.

म्हातारे बाहेर पडल्यावर मात्र त्या खिडकीशी गेल्या. बसथांबा शंभर पावलांवर होता. पहिल्या खांबापाशी म्हाताऱ्यांनी बॅग डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतली. पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा डाव्यावर. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री करून घेतली, पट्टा गुंडाळला आणि तान्ह्या पोरासारखी बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरली. बस आली. वाहकाने मदतीला हात पुढे केला. म्हाताऱ्यांनी बॅग काही त्याच्याकडे दिली नाही. तिच्यासकट धडपडत पायरी चढले.

"हट्टी मेला," बाई म्हणाल्या, आणि बस वळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.