काडी मोडल्याचा पुरावा

कोर्टात स्टेनो म्हणून तीस वर्षं घासली की किस्से मागायला जावं लागत नाही. नवी केस आली की वकील जुनी विसरतात, पक्षकार निकाल तेवढा धरून ठेवतात. साक्षीदार काय बोलला ते मात्र टाइप करणाऱ्याच्या बोटांत राहतं. मित्र म्हणतात, "एखादा मर्डरचा सांग बे." मी सांगतो रुक्मिणचा.

रुक्मिण आष्टीकडची. पहिल्या नवऱ्याशी पटेना, तेव्हा पंचांसमोर दोघांनी काडी मोडली. आमच्याकडं काही समाजांत फारकतीची हीच चाल. मग माजलगावकडच्या दत्तूशी पाट लागला, म्हणजे दुसरं लग्न झालं. बारा हंगाम दोघांनी जोडीनं ऊस तोडला. पुढं दत्तूनं दुसरी आणली आणि हिला घराबाहेर काढलं. हिनं खावटी, म्हणजे पोटगी, मागितली, तर दत्तूचं म्हणणं, "पहिला घटस्फोट कोर्टातून झालाच नाही, म्हणून ही माझी बायकोच नाही."

कायदा रूढी मानतो, पण ती सिद्ध करावी लागते. नाही झाली, तर बारा वर्षं ही बाई त्या घरात कोण होती? खावटीपेक्षा तिला हेच लागलं होतं.

* * *

पहिल्याच तारखेला दत्तूच्या वकिलानं तिला खिजवलं, "काडी कशाची होती?"

"तुरीची."

"किती लांब?"

"मोजायला तुमी यायचं होतं सायब."

आमच्या जज मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. माझ्या मते त्या हसत होत्या.

* * *

पाच पंचांतले एकटे किसनबा उरलेले. नव्वदीला टेकलेला माणूस, पण खुर्ची दिली तर नको म्हणाले.

वकील म्हणाला, "लिखापढी कुठाय?"

"पाच माणसं बसल्यावर कागद कावून लागतो?"

"त्यातले चार तर मेले."

"मेले म्हंजी खोटे झाले का?"

मी टाइप करायचंच विसरलो. मॅडमनी टेबलावर टकटक केलं, तेव्हा भानावर आलो.

* * *

तेवढ्यानं वकिलाचं समाधान होईना. त्यानं कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी उपसली आणि किसनबांपुढं धरली. "कशी मोडतात, दाखवा बरं."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात मागं घेतले. "उगं न्हाई मोडत सायब. कुणाचं तरी घर मोडतं."

आता ती काडी ठेवायची कुठं हे वकिलाला कळेना. शेवटी हळूच कोटाच्या खिशात घातली त्यानं.

* * *

मग रुक्मिणचा पहिला नवरा आला, कर्नाटकातल्या फडावरून. हातावर उसाच्या पाल्याचे ओरखडे. त्याचा दुसरा संसार, लेकरंबाळं. ह्या भानगडीत त्याला मिळायचं काहीच नव्हतं.

वकिलानं विचारलं, "काडी मोडली?"

"मोडली. माझ्याच हातानं."

"कारण?"

"मी लई प्यायचो. तिचं काई चुकलं न्हवतं."

पोटच्या पोराची शपथ घेऊन खोटं बोलणारे मी ढिगानं पाहिलेत. भरल्या कोर्टात, जी आता आपली बायकोही राहिली नाही तिच्यासाठी, आपला दोष आपल्या तोंडानं सांगणारा हा एकच. रुक्मिण पदर तोंडाला लावून रडली. माझेही डोळे भरले, कशाला लपवू?

* * *

शेवटची साक्ष दत्तूच्या आईची, सोजरआजीची. साक्षीदार दत्तूचीच. शपथपत्र वकिलानं आधीच तयार केलेलं, 'आमच्या समाजात काडी मोडून फारकत घेण्याची चाल नाही.' खाली आजीचा अंगठा.

मॅडमनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "आजी, हे खरं आहे का?"

आजी सुनेकडं बघत राहिली, मग लेकाकडं.

वकील म्हणाला, "घाबरू नका. तुमच्यात काडी मोडल्याचं एक तरी उदाहरण आहे का? नाही ना? मग नाही म्हणा."

"हाय की," आजी म्हणाली. "मी हाय."

दत्तू उभाच राहिला. "आये, काय बोलतीस?"

"खरं बोलते. पयल्या घरची काडी मोडून मी तुज्या बापाच्या घरात आले. तवा तू न्हवतास." मग मॅडमकडं वळून म्हणाली, "बाईसायब, ही जर ह्याची बायकू न्हाई, तर मी ह्याच्या बापाची कोण? आन ह्यो कोण? ते बी लिवून घ्या."