दत्ताचा डावा हात

आमची कंपनी तेव्हा अरुणाचलमध्ये सीमेजवळ होती. पोस्ट उंचावर, खाली नाला, नाल्यापलीकडे पंधरा-वीस घरांचं गाव. मी नायक होतो. माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक दत्ता होता. मी सोलापूर शहरातला, तो करमाळ्याचा. दोघंही एकाच जिल्ह्याचे, म्हणून बंकरही एकच.

मला लिहायची सवय नाही. पलटणीत फक्त रिपोर्ट लिहिले. निवृत्त झाल्यावर बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. सर म्हणाले, वार्षिक अंकासाठी एक लढाई लिहा. मी लढाई पाहिलेली नाही. जे पाहिलं ते लिहितो.

दत्ताचं घर तांबटांचं. वडील, ज्यांना तो आप्पा म्हणायचा, करमाळ्यात तांब्याचे बंब, हंडे, घागरी करायचे. गीझर आले, बंब गेले. दत्ता फौजेत आला. वडील त्याच्याशी फोनवर मोजकंच बोलायचे. त्यांचं एकच वाक्य दत्ता आम्हाला नक्कल करून दाखवायचा, "एक भांडं तरी तडीला न्हेलंस का जन्मात?"

दत्ता डावखुरा होता. ड्रिलमध्ये सगळं उजव्या हातानं करायचा. पण चमचा आणि हातोडी हातात आली की ती आपोआप डावीकडे जायची.

गावात एक म्हातारी होती. सगळे तिला आमा म्हणायचे. आमच्या पोस्टवर भाजी आणून द्यायची. त्या भागात घरोघरी धान्याची दारू गाळतात. तिला आरा म्हणतात. पाहुण्याला देतात, देवापुढे ठेवतात. आमाचा नवरा वारलेला. वसंतात त्याच्या वर्षदिवसाला घरी गाळलेली आरा ठेवायची रीत होती. पण तिची भट्टी फुटली होती. दोन वर्षं तिनं शेजारणीची आरा मागून ठेवली. त्याबद्दल बोलताना ती मान खाली घालायची.

दत्तानं तिची भट्टी पाहिली. खाली तांब्याचा जुना हंडा, तो चांगला होता. त्यावर पत्र्याचं नळकांडं, ते कुजलेलं. सगळ्यात वर गार पाण्याचं भांडं ठेवायचं. हंड्यातली वाफ त्या भांड्याच्या बुडाला लागते, थंड होते आणि थेंब थेंब नळकांड्याच्या आत ठेवलेल्या वाडग्यात पडते. ते वरचं भांडं तळाला चिरलं होतं.

दत्ता म्हणाला, "आमा, मी करून देतो."

सुभेदार साहेब साताऱ्याचे. त्यांनी दत्ताला उभं केलं आणि विचारलं, तू जवान आहेस की दारूवाला? दत्तानं म्हातारीचं सगळं सांगितलं. साहेब कंपनी कमांडरांशी बोलले. परवानगी मिळाली, अट एकच. कोणत्याही जवानानं त्यातला थेंबही घ्यायचा नाही. मला त्या अटीची गरज नव्हती. आमच्या घरात पंचशील म्हणतात, मी दारूला शिवत नाही. आमाही बुद्धालाच हात जोडायची आणि त्याच्यापुढे आरा ठेवायची. मला ते कळायचं नाही. मी विचारलंही नाही.

तांब्याचा पत्रा खालच्या बाजारातून कंपनीच्या ट्रकमधून आला. लंगरमागे, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरामागे, दत्तानं ऐरण मांडली. आधी नळकांडं केलं. सिग्नलवाल्यानं जोडांना डाग द्यायला शिसं देऊ केलं, ते त्यानं घेतलं नाही. शिसं पोटात जातं म्हणाला. सगळा जोड रिव्हेटनं ठोकला. नळकांडं तयार झाल्यावर सुभेदार साहेब बघायला आले.

"दत्ता, म्हातारीला आंघोळीला बंब केलास व्हय?"

"साहेब, बापाचं रगत हाय. हात बंबाकडंच जातो."

त्यानं नळकांडं आमाला दिलं तेव्हा त्यात मूठभर तांदूळ टाकले. म्हणाला, तांबट रिकामं भांडं कुणाच्या हातात देत नाही. आमा हसली. त्यांच्याकडेही रिकामं भांडं परत करत नाहीत.

मग वरचं भांडं. खोलगट, बुडाला गोल, म्हणजे थेंब मधोमध जमून वाडग्यातच पडेल. आकार झाला, पण काम संपत नाही. त्यावर मठार मारावा लागतो. म्हणजे मधोमध सुरुवात करून गोल गोल, एकाला एक लागून हातोडीचे ठोके. त्यानं तांबं कडक होतं. मठार नसेल तर पाण्याच्या वजनानं भांडं खाली बसतं. दत्ता रोज ड्युटी संपल्यावर ठोकत बसायचा. अर्धा मठार झाला तेव्हा त्यानं फोटो काढला. रेंज नव्हती. म्हणाला, पुरं झाल्यावरच पाठवतो, नायतर आप्पा म्हणतील अर्धंच हाय.

दुसऱ्या दिवशी वरच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोल, म्हणजे गस्त होती. बर्फ वितळायला लागला होता. नाल्यावर दोर बांधायचा होता. नाला दत्ताला पाठ होता, म्हणून तो पुढे. त्यानं पलीकडच्या दगडाला दोर बांधला, हात वर करून खूण केली. मी पहिल्या माणसाला सोडणार, तेवढ्यात वरून उतार सुटला. आवाज फार मोठा नव्हता. धान्याचं पोतं ओतल्यासारखा होता. समोरचा दगड दिसेनासा झाला.

मी वायरलेस सेटवर बोललो. "स्लाइड. वन मिसिंग. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

मी नाव सांगितलं. या वेळी पलीकडून सुभेदार साहेबांचा आवाज आला. "बाकी माणसं मागं घे. ओव्हर."

गावातली माणसं फावडी घेऊन आमच्याआधी पोहोचली. दत्ता दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. दोर त्याच्या डाव्या मनगटाला गुंडाळलेला होता.

पार्थिवाबरोबर मला पाठवलं. गाडी निघताना आमा आली. हातात लंगरमागून आणलेलं ते अर्धं भांडं, आत मक्याचे दाणे. मी म्हणालो, आमा, हे तुमचं आहे. ती म्हणाली, "बाप का है. बाप को दो."

करमाळ्यात मानवंदना झाली, सगळं रीतीनं झालं. दत्ताचे आप्पा रडले नाहीत. मी सुट्टी घेऊन राहिलो. दिवसकार्य झाल्यावर भांडं त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मक्याचे दाणे सुपात काढले. भांडं मांडीवर घेतलं. मधोमधपासून बोटं गोल फिरवत नेली आणि एका जागी थांबले.

"हितपातूर त्यो हाय," ते म्हणाले.

मी जवळ सरकलो.

"डाव्या हाताचा मठार. ठोका उलट्या अंगाला पडतुया." ते भांड्याकडेच बघत होते. "ल्हानपणी लई मारला त्याला. हातोडी उजव्या हातात धर म्हणून. न्हाय धरली त्यानं."

ते उठून पुढच्या दुकानातल्या ऐरणीपाशी बसले. आतून दत्ताची आई आली.

"आवो, आता ह्ये काय काढलंसा?"

"ती बाई तितं वाट बघत आसंल की."

त्यांनी हातोडी उजव्या हातात घेतली. भांडं ऐरणीवर धरलं. मग हातोडी खाली ठेवली, आणि डाव्या हातात घेतली.

पहिले काही ठोके त्यांनी जुन्या पत्र्यावर मारून पाहिले. मग भांड्यावर. सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मभर उजव्या हातानं ठोकत आलेला. ते थांबायचे, मनगट चोळायचे, पुन्हा घ्यायचे. दत्ताची आई दारात उभी होती, मग ती जवळ येऊन बसली आणि भांडं घट्ट धरून ठेवलं. तीन दिवस लागले. दुकानावरून जाणारे लोक आवाज ऐकून थांबायचे. आत बघायचे आणि पुढे जायचे.

निघताना आप्पांनी भांडं ज्वारीनं भरून माझ्या हातात दिलं. एवढंच म्हणाले, "तडीला न्हेलं म्हणावं."

आमाच्या नवऱ्याचा वर्षदिवस अजून आला नव्हता. मी पोहोचलो, आमानं ज्वारी परडीत काढून घेतली, भांडं पुसलं आणि भट्टीवर ठेवलं. सगळे जोड कणकेनं लिंपले. वर नाल्याचं पाणी ओतलं. वजनानं भांडं खाली बसलं नाही. सुभेदार साहेब बाहेर टोपी हातात घेऊन उभे होते.

आमानं भांड्याच्या काठावरून बोट फिरवलं. मला विचारलं, "दत्ता का कहाँ तक?"

मी वाकून पाहिलं. करमाळ्यात माझ्या डोळ्यांसमोर ते झालं होतं. तरी मला कुठं एक हात थांबला आणि दुसरा सुरू झाला ते सापडलं नाही.

"पूरा उसी का है, आमा," मी म्हणालो.

वर्षदिवसाला पहिल्या आरेचा वाडगा तिनं नवऱ्याच्या नावानं ठेवला. त्याच्या शेजारी दुसरा वाडगा ठेवला. आणि दत्ताचं नाव घेतलं, तिच्या बोलीत, जरा वेगळं ऐकू येणारं. मी ती आरा प्यायलो नाही. तो वाडगा भरलेला आहे, एवढं पाहिलं, आणि सॅल्यूट केला.